उन्हावरचं वरण

फाल्गुन सरत आला की आमच्या आदिलाबादकडची रानं एकदम उघडी पडतात. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाट्या उपटून बांधाला लागलेल्या असतात, ज्वारीचं धांडं गंजीत गेलेलं असतं. मधे उरते ती नुसती काळी, भेगाळलेली जमीन. ऊन तर सकाळी नऊलाच अंगणात येऊन बसतं. आलेल्या जावयासारखं, उठायचं नावच घेत नाही. लोकांना या दिवसांत आंबे आठवतात, लग्नं आठवतात, पोरांना सुट्ट्या आठवतात. मला तुरीची कच्ची डाळ आठवते. दातांखाली टचटच करणारी, पिवळी, हट्टी डाळ. दहा-बारा वर्षं झाली त्या उन्हाळ्याला, पण पहिला चटका बसला की ती डाळ तोंडात आल्याशिवाय राहत नाही.

परवा पेपरात एक फोटो आला होता. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं आपल्या बंगल्याच्या गच्चीवर उन्हानं पाणी तापवायच्या टाक्या बसवल्या. टाकीला हार, पुढाऱ्याला हार, दोघं शेजारी शेजारी उभे. खाली लिहिलं होतं की पुढाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली तरच जनता मागं येते. माझ्या नवऱ्यानं दुकानात बसल्या बसल्या ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "पाह्य, असं पाहिजे. आपले बाबा असेच होते." मी हो म्हटलं. मग पेपर हातात घेऊन तो फोटो पुन्हा पाहिला. मला त्यात ना टाकी पाहायची होती ना पुढारी. मी त्या बंगल्याचं मागचं दार शोधत होते. फोटोत ते नव्हतं. फोटोत कधीच नसतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायचे. तलमडुगूच्या पुढं, बोथकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत गेलं की आमचं गाव. मामाजी तिथले सरपंच. मी पांढरकवड्याहून लग्न होऊन आले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्यानं आदिलाबादला किराणा दुकान नुकतंच टाकलं होतं, तो आठवड्याला एकदा यायचा. म्हणजे घरात आम्ही तिघंच, मामाजी, सासूबाई आणि मी. सासूबाईंना आमच्याकडच्या रीतीनं मी आत्याबाई म्हणत असे.

मामाजींचं एक होतं. दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतः करायचं. पोरांना टोचायला डॉक्टर आले आणि बाया पोरं लपवू लागल्या, तेव्हा यांनी सदऱ्याची बाही वर करून स्वतःचाच दंड पुढं केला होता. डॉक्टर हसला, पण बाया आल्या. गावातला पहिला संडास यांच्या घरी. पहाटे लोटा घेऊन जाणारे वर्षभर टिंगल करायचे, तर हे आत बसून मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, म्हणजे साऱ्या गल्लीला कळावं की सरपंच आत आहेत. असा माणूस. त्यांच्यावर हसता येत होतं, पण त्यांना खोटं म्हणता येत नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं मला जड जातं. ते लबाड असते तर मी ही गोष्ट हसत हसत सांगितली असती.

त्या चैत्रात मंडळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुका कचेरीच्या, जीपमधून एक पेटी आली. लहान ट्रंकेएवढी, झाकणाला आतून आरसा, मधे काच, आत चार काळे डबे. उन्हात ठेवायची, आरसा सूर्याकडे करायचा, दोन-अडीच तासांत अन्न तयार. लाकूड नको, धूर नको. जीपमधून आलेल्या माणसानं आमच्या अंगणात सगळं समजावून सांगितलं, तेलुगूत आणि मधून मधून हिंदीत. गावातले वीस-पंचवीस पुरुष बाजेवर, ओट्यावर, बैलगाडीच्या जुवावर बसून ऐकत होते. आम्ही दोघी दारामागं उभ्या. मला तेलुगू येत नव्हतं, आत्याबाईंना बाजारापुरतं येत होतं, आणि मधे बैल हंबरत होता. तो माणूस काळ्या डब्यावर बोट टेकवून बराच वेळ काही सांगत होता, पुरुष माना हलवत होते. त्यांतल्या एकानंही जन्मात भांडं घासलेलं नव्हतं. आणि जिला ती भांडी रोज घासायची होती, ती दाराच्या फटीतून फक्त त्याचं बोट पाहत होती.

त्याच आठवड्यात मंडळाच्या बैठकीत मामाजी उभे राहिले आणि बोलून बसले, की या उन्हाळ्यात जंगलाचं एक काडूकही माझ्या घरात येणार नाही. दुपारचं जेवण उन्हावर, आणि सकाळ-संध्याकाळच्या भाकरी घरच्या शेतातल्या पऱ्हाट्यांवर. बैठकीत कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी हसलं. घरी येऊन त्यांनी पऱ्हाट्यांचा ढीग स्वतः गुरांच्या कोठ्याच्या मागं रचला. भिंतीसारखा सरळ, एक काडी बाहेर नाही.

पहिले आठ दिवस काय सुखाचे गेले! नऊ वाजता डाळ, तांदूळ, पाणी घालून पेटी अंगणात ठेवायची, सावली फिरेल तशी ती फिरवायची. बारा-साडेबाराला झाकण उघडलं की वाफेचा लोट. डोळे चुरचुरायचे नाहीत, पदराला धुराचा वास नाही. वरण असं मऊसूत की घोटायची गरज नाही. भाकरीवर वाढलेला माणूस दुपारी भातावर आला, पण कुरकुर नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून मामाजी म्हणायचे, "या, सूर्यानं रांधलेलं चाखून पाहा." मला तर वाटलं, माझ्यासारखी नशीबवान सून पंचक्रोशीत नाही.

मग मी ते केलं. माझ्या माहेरी सुनेची परीक्षा भांड्यांवरून व्हायची. कल्हईचं पातेलं असो की ॲल्युमिनियमचं, त्यात तोंड दिसलं पाहिजे. त्या काळ्या डब्यांकडे पाहिलं की मला रोज लाज वाटायची, सरपंचाच्या घरात असली काजळलेली भांडी! एका दुपारी राख घेतली, चिंच घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि बसले. काळं सहज निघेना, तसा मलाही चेव आला. विटेचा तुकडा घेतला. दोन दुपारी खपून चारही डबे पांढरे लख्ख केले, आणि पेटीच्या आतला काळा पत्राही खरवडून काढला. आत्याबाईंना दाखवलं तर त्या केवढ्या खूश. "आता कशी चांदीसारखी दिसून राह्यली! सरकारी लोकायले भांडी घासनं काय मालूम?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सासरी आल्यावर पाठीवर पडलेली ती पहिली शाबासकी.

दुसऱ्या दिवशी डाळ शिजली नाही. भात कसातरी झाला, पण डाळ टचटच; त्या दिवशी ताकभातावर वेळ निभावली. आम्ही आभाळाकडे पाहिलं, ढगाचा ठिपका नव्हता. काच पुसली, आरसा पुसला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी रडवेली झाले. मामाजी बारा वाजता पानावर बसणार आणि आत हे असं. आत्याबाईंनी दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "रडू नको. आज चुलीवर शिजव, डबा पेटीत ठेव. उद्या पाहू."

"पण मामाजींना सांगायला नको का?"

"काय सांगशील? नवी सून घरात आली अन् महिन्यात सरकारी पेटी बिघडली, असं? लोकं पेटीले नाव नाही ठेवत पोरी, सुनेले ठेवतात. अन् यायनं तिकडं चारचौघांत शब्द देल्ला हाय. तो खाली पडू द्याचा नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आत्याबाईंची रीत. मी त्यांचे उपकार मानले. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की माझं नाव वाचलं. उद्या पाहू म्हणता म्हणता तो उद्या काही आला नाही. रोज सकाळी मामाजी शेतावर, पंचायतीत गेले की आम्ही चूल पेटवायचो, वरण शिजवायचो, डबा पेटीत ठेवायचो आणि चुलीतली राख उकिरड्यावर नेऊन टाकायचो. बारा वाजता मामाजी हात धुऊन स्वतः झाकण उघडायचे. ते उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी तेच नवल. मी वाढायचे आणि मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं सून मर्यादशील आहे.

अडचण वेगळीच आली. तुरीची डाळ शिजायला पऱ्हाट्या फार लागतात. भुर्रकन जळतात आणि विझतात, त्यांच्यात दम नसतो. तो भिंतीसारखा ढीग खचू लागला. आणि मामाजी तर पाहुण्यांना कोठ्यामागं नेऊन ढीग दाखवायचे, "गेल्या साली या दिवसांत निम्मा झाला होता, आता पाहा." तेव्हा आत्याबाईंनी गिरजाक्काला लाकडाचं सांगितलं.

गिरजाक्का आमच्या मागल्या कुंपणापलीकडे राहायची. पस्तिशीची, उंच, काटक. नवरा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत, सणासुदीला यायचा, कधी यायचाही नाही. शेत नव्हतं म्हणजे पऱ्हाट्याही नव्हत्या. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी आणि रोज टेकडीच्या जंगलातून वाळल्या लाकडाची मोळी. तिची चूल त्या मोळीवर, आणि वर उरलं तर कोणाला देऊन ज्वारी आणायची. ती आता उजाडायच्या आत मागल्या कुंपणाच्या फटीतून चार जाडजूड लाकडं आत सरकवू लागली. मी सुपात ज्वारी घालून द्यायचे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काऊन बाई? काकाजी त म्हनत होते लाकूड बंद केलं."

मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्या गावात माझ्या वयाचं, माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाप्पा! म्हंजे काकाजी उन्हाच्या नावानं माह्यी मोळी खाऊन राह्यले!" मलाही हसू फुटलं. आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून हसत होतो.

खोटं असं हसत हसत घरात शिरतं. जड वाटत नाही, उलट घरातल्या बायांमधली ती एक गंमत होऊन जाते. आणि मामाजींचा आनंद तर खरा होता ना! उन्हात काळवंडून ते घरोघर सांगत फिरायचे. जंगल कसं मागं सरकत चाललंय, पूर्वी गावाच्या वेशीपर्यंत साग होता, पाण्याचे झरे कसे आटले. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजही मला त्यांचं पटतं. टेकडी खरोखरच बोडकी होत होती, आणि कोणीतरी आधी आपल्या घरापासून सुरुवात करायलाच हवी होती.

वैशाखात आमदार आले. सोबत मंडळाचे साहेब, चार-पाच माणसं. आदर्श घर पाहायला. आम्ही सकाळी चुलीवर मोठं पातेलंभर वरण केलं आणि चारी डबे भरून पेटीत ठेवले. आमदारांनी स्वतःच्या हातानं झाकण उघडलं. पंगतीत दोनदा वरण मागून घेतलं आणि म्हणाले, "याले धुराचा वासच नाही. चवच न्यारी." दारामागं मला हसू आवरेना, आत्याबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. कशाला खोटं सांगू, मला त्या दिवशी फार मजा आली.

जेवणं झाली, पानसुपारी झाली. साहेबांनी विचारलं, "सरपंच, तुमच्या गावाला काय पाहिजे?" मामाजी उभे राहिले. अजून मला त्यांचे ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात.

"साहेब, ज्यायले शेत नाही अशा हरेक घराले एक पेटी द्या. त्याच्या बदल्यात आमी टेकडीवरची मोळीची वाट बंद करतो. आमच्या गावची बाई तिकडून लाकूड आननार नाही. जंगल वाढू द्या. मी हवेत नाही बोलून राह्यलो, सोताच्या घरी करून पाह्यलं, मंग बोलून राह्यलो. जमते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं हसू जिथल्या तिथं गेलं. आत्याबाईंकडे पाहिलं तर त्या भिंतीकडे पाहत होत्या.

आता तरी सांगायचं होतं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी, निदान कागद पुढं जायच्या आत. आमच्या घरात दोघींनाच ठाऊक होतं की सरपंचांचा पुरावा म्हणजे गिरजाक्काची मोळी आहे. पण आता प्रश्न एका डाळीचा राहिला नव्हता. आमदारांसमोर, साहेबांसमोर त्यांना तोंडघशी पाडायचं होतं. आणि पाडणार कोण, तर दोन-तीन महिन्यांपूर्वी माप ओलांडून आलेली मी. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि त्या माझ्या.

पेट्या आल्या. या खेपेला शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं होतं, बायांनाही, कारण आमदारांनी तसं सांगितलं होतं. मी चहा घेऊन गेले होते. तोच माणूस तेलुगूत बोलत होता आणि शाळेचे गुरुजी मराठीत सांगत होते, "डब्याचा काळा रंग घासायचा नाही बरं का. तो काळाच राहिला पाहिजे. ऊन ओढून घेणारा तोच." चहाचा ट्रे तिथंच बाकावर ठेवून मी निघाले. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं तर त्या चुलीपुढं बसकण मारून म्हणाल्या, "म्हंजे आपूनच?"

मी नवऱ्याकडून खिडकीच्या गजांना लावायचा म्हणून काळा रंग आणवला आणि डबे, आतला पत्रा, सगळं रंगवलं. दोन दिवस उन्हात वास घालवला, आणि आमची पेटी पुन्हा चालू लागली. ज्येष्ठाच्या तोंडी का होईना, आमचं वरण खरंच उन्हावर शिजू लागलं. मी स्वतःची समजूत घातली, आता कुठं खोटं आहे? पण त्या नव्या पेट्यांकडे पाहून ती समजूत टिकेना. रंग होता, ऊन होतं, तरी त्या चालेनात. कारण सकाळी सातला मजुरीला जाणाऱ्या बाईच्या घरी दुपारी पेटी फिरवायला कोण असणार? ती बांधावर बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाणार, आणि रांधणार ते दिवस बुडाल्यावर. आणि भाकरी? ज्वारीची भाकरी कुठल्या उन्हावर फुगते? आमच्या घरी दोन बाया दिवसभर मोकळ्या होत्या आणि कोठ्यामागं पऱ्हाट्या होत्या.

हे मामाजींना कळलं नसतं असं नाही. कच्ची डाळ पहिल्याच दिवशी त्यांच्या पानात वाढली असती, तर ते चिडले असते, मग जीपवाल्याला गाठलं असतं, रंगाचं समजलं असतं. आणि एकदा खोदायला लागले की ते थांबणारे नव्हते. पेटी कोणाला चालते, कोणाला नाही, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं असतं. आम्ही त्यांच्यापासून डाळ लपवली नाही, तो सगळा विचारच लपवला. त्यांना फक्त शिजलेलं दाखवत गेलो.

मोळीच्या वाटेवर चर खणला गेला. रखवालीला माणूस बसला. मिरगाच्या आधीच्या एका दुपारी गिरजाक्का आमच्या अंगणात आली, पुढच्या दारानं. मागल्या कुंपणाची आता तिला गरज उरली नव्हती. केस विस्कटलेले, हात रिकामे. मामाजी सपरीत, ओसरीच्या बाजेवर बसले होते. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते.

"काकाजी, माह्यी कुऱ्हाड घेतली त्या मानसानं. सकाळपासून बसवून ठुलं मले."

"तिकडं काऊन गेली तू? वाट बंद हाय, मालूम नाही तुले?"

"लाकूड नाही घरात."

मामाजींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते समजावणीच्या सुरात, अगदी मायेनं म्हणाले, "पेटी देल्ली ना तुले? आमच्या घरी पाह्य, सारा उन्हाळा गेला, जंगलाचं काडूक आलं नाही. आमाले जमते, मंग तुले काऊन जमत नाही?"

गिरजाक्कानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ती थांबली होती एवढंच. सुपातले तांदूळ माझ्या बोटांत होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'मामाजी, आपल्या घरी हिचंच लाकूड आलंय.' सहा शब्द. मी तांदूळ निवडत राहिले.

"जमन, काकाजी," गिरजाक्का म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली.

मामाजींनी त्याच संध्याकाळी चिठ्ठी देऊन तिची कुऱ्हाड सोडवून आणली. स्वतः तिच्या दारापर्यंत नेऊन दिली. ते असे होते. वाट मात्र बंदच राहिली. दिला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यानंतर गिरजाक्का नाल्याच्या पलीकडून, दूरच्या उतारावरून लाकूड आणू लागली. दुप्पट वाट, म्हणजे रोजची अर्धी मजुरी गेली. एका पावसाळ्यात मोळीसकट उतारावरून घसरली आणि तिचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. ती लचकत चालू लागली, आणि त्या लचकण्याचा आवाज मला कुंपणापलीकडून ओळखू येऊ लागला. एकदा मी सूप भरून ज्वारी घेऊन गेले. तिनं सुपाला हात लावला नाही. "लाकडं कुठं आनली म्या?" असं साधंच म्हणाली आणि पोरीची वेणी घालत बसली.

गावातल्या पेट्यांचं पुढं काय व्हायचं ते झालं. कोणी त्यात बी-बियाणं ठेवलं, कोणी कोंबडी बसवली. आरसे निघून भिंतींवर लागले, त्यात बघून पुरुष दाढ्या करू लागले. मामाजी ते पाहायचे आणि जेवताना कष्टी होऊन म्हणायचे, "लोकायले आळस हाय, सूनबाई. फुकट भेटलं की किंमत राह्यत नाही." ज्या माणसानं गावावर इतका जीव लावला, त्याला आपलं गाव आळशी वाटू लागलं, आणि ते वाटणं आम्ही त्याला रोज वाढत होतो. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामाजी, एक सांगायचं होतं." त्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासानं, की मी विचारलं, "चटणी वाढू का थोडी?"

आत्याबाई आधी गेल्या. त्यांच्यामागून दोन वर्षांनी, नव्वदचं दशक अर्धं सरलं असताना, मामाजी गेले. अंगणात मांडव घालून शोकसभा झाली. मंडळाचे लोक आले, जुन्या साहेबांच्या जागी नवे साहेब आले. एकामागून एक सगळे बोलले. एकजण म्हणाला, असा पुढारी होणे नाही, जगाला सांगायच्या आधी यांनी आपल्या घरची चूल विझवली. बाहेर माना हलत होत्या. आत आम्ही बाया बसलो होतो, दाटीवाटीनं. मला रडू येत होतं, पण ते नक्की कशाचं, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

गिरजाक्का आली. एक पाय लांब करून माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. बराच वेळ बाहेरचं भाषण ऐकत राहिली. मग माझ्याकडे न पाहता, हळूच म्हणाली, "सांगतलं होतं का तू त्यायले?"

"नाही."

"कदीच?"

"नाही, अक्का."

तिनं मान हलवली. जणू काही तिला ठाऊकच होतं, फक्त एकदा विचारून घ्यायचं राहिलं होतं. "त्या दिवशी मीच सांगनार होती," ती म्हणाली. "मंग तुह्याकडं पाह्यलं. म्हटलं, नवी पोरगी हाय, तिचं घर हाय, तिलेच सांगू दे. आज नाही त उद्या सांगन. काकाजी आयकनारे होते, वाट उघडली असती. मी वाट पाह्यली बाई, रोज."

"रोज?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त लाकडाले रोजच जात होती ना मी," गिरजाक्का म्हणाली.